जुना ट्रॅक्टर ठेवावा की नवा घ्यावा?
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



गावोगाव बैठका घेताना गेली दोन वर्षे एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. बैठक कापसाच्या भावाची असो की वीजबिलाची, शेवटी एखादा तरी भाऊ उठतो आणि म्हणतो, "साहेब, माझा ट्रॅक्टर बारा-तेरा वर्षांचा झाला. दर हंगामाला मिस्त्री पैसे मागतो. याला ठेवू की विकून नवा घेऊ?" प्रश्न घरगुती वाटतो, पण तसा तो नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात जमीन आणि लेकीचे लग्न सोडले तर ट्रॅक्टरएवढा मोठा व्यवहार दुसरा होत नाही. या एका व्यवहारात चुकले की पुढची पाच वर्षे बँकेची होतात. म्हणून आज भाषण कमी आणि हिशेब जास्त करायचा, असे आम्ही ठरवले आहे.

मिस्त्रीचे बिल दिसते, घसारा दिसत नाही

जुन्या ट्रॅक्टरचा खर्च डोळ्यात खुपतो. मिस्त्री बिल हातात देतो, क्लच प्लेटचे इतके, हायड्रॉलिकच्या सिलांचे इतके, मजुरी इतकी. खिशातून नोट काढताना जीव तुटतो. नव्या ट्रॅक्टरचा सर्वात मोठा खर्च मात्र कोणी बिल करून देत नाही. तो खर्च म्हणजे किमतीची घट, ज्याला कृषी महाविद्यालयात आम्हाला घसारा म्हणून शिकवले. शोरूममधून ट्रॅक्टर गावात आला, पूजा झाली, पेढे वाटले, तेवढ्यातच त्याची किंमत उतरली. दुसऱ्या दिवशी विकायला काढला तर कालच्या भावाने कोणी घेणार नाही. ही घट रात्रंदिवस चालू असते. ट्रॅक्टर वावरात चालला तरी होते आणि गोठ्यापाशी उभा राहिला तरी होते.

दुसरा न दिसणारा खर्च व्याजाचा. कर्ज काढले तर व्याज दिसते. घरचे पैसे घातले तर, "आपल्याला कुठे व्याज आहे?" असे आपण म्हणतो. पण तेच पैसे बँकेत ठेवले असते, सावकाराचे देणे फेडले असते, विहिरीला लावले असते, तर काही मिळालेच असते. ते मिळाले नाही, हाही खर्चच.

तेव्हा तुलना करायची ती मिस्त्रीच्या बिलाची आणि हप्त्याची नाही. येत्या एका वर्षात जुना ठेवला तर एकूण काय जाईल, आणि नवा घेतला तर एकूण काय जाईल, ही तुलना करायची.

एक उदाहरण मांडून पाहू

खाली धरलेले आकडे उदाहरणासाठी आहेत. प्रत्येकाने घरी गेल्यावर आपल्या गावचे भाव टाकून हाच हिशेब करावा.

समजा, ४५ अश्वशक्तीचा नवा ट्रॅक्टर ८ लाखाला पडतो. दहा वर्षांनी तो २ लाखाला विकला जाईल. म्हणजे ६ लाखाची घट, वर्षाला ६० हजार. या दहा वर्षांत सरासरी ५ लाख रुपये त्यात अडकून राहतात. ११ टक्के व्याज धरले तर वर्षाचे ५५ हजार. विमा वगैरे १५ हजार. बेरीज १ लाख ३० हजार रुपये. यात डिझेलचा थेंब नाही, ड्रायव्हरचा पगार नाही. ट्रॅक्टर नुसता दारात उभा ठेवण्याचा हा खर्च.

आता जुना. आज विकला तर २ लाख २० हजार येतील, पुढच्या वर्षी २ लाख. घट २० हजार. अडकलेल्या २ लाख २० हजारांवर ११ टक्क्यांनी व्याज २४ हजार २००. विमा ६ हजार. बेरीज ५० हजार २००.

दोघांत फरक ७९ हजार ८०० रुपयांचा. याचा अर्थ असा, की नव्यापेक्षा जुना वर्षाला सुमारे ८० हजार जास्त खात असेल, तरच तो महाग. त्याहून कमी खात असेल तर तो स्वस्तच.

मग तो जास्त खातो किती? समजा, घरचे आणि बाहेरचे मिळून वर्षाला ३०० तास काम आहे.

१) किरकोळ दुरुस्ती नव्यापेक्षा २० हजार जास्त.

२) इंजिनाचे पूर्ण काम, म्हणजे पिस्टन, लायनर, रिंगा, बेअरिंग, ६० हजाराला पडते. ते सहा वर्षे चालेल असे धरू. वर्षाला १० हजार.

३) जुने इंजिन तासाला अर्धा लिटर डिझेल जास्त पिते. ३०० तासांचे १५० लिटर. लिटरला ९० रुपये धरून १३ हजार ५००.

४) ऐन पेरणीत तीन दिवस बंद पडला. घरची १२ एकर पेरणी दुसऱ्याचा ट्रॅक्टर लावून एकरी १२०० रुपयांनी करून घेतली, १४ हजार ४००. बाहेरचे १२ तासांचे काम बुडाले, तासाला खर्च वजा जाता ४०० रुपये सुटत होते, ते ४ हजार ८००. एकूण १९ हजार २००.

चारही कलमांची बेरीज ६२ हजार ७००. म्हणजे एवढी कुरकुर करूनही जुना ट्रॅक्टर वर्षाला १७ हजार १०० रुपयांनी स्वस्तच पडला.

पण तास वाढले की पारडे फिरते

हा हिशेब ऐकून कोणी उठून जाऊ नये. कारण याच उदाहरणात ३०० च्या जागी ९०० तास टाकले की उत्तर उलटे होते. डिझेलचे ४० हजार ५००, इंजिनाच्या कामाचे ३० हजार, दुरुस्तीचे ६० हजार. इथेच १ लाख ३० हजार ५०० झाले. बंद पडण्याचे दिवस धरलेच नाहीत. नव्याची घटही थोडी वाढेल, पण पारडे सावरण्याइतकी नाही. तेव्हा ज्याचा ट्रॅक्टर रब्बीत दुसऱ्या तालुक्यात जातो, उन्हाळाभर नांगरट करतो, ट्रॉली ओढतो, थ्रेशर चालवतो, त्याने जुन्याला कवटाळून बसू नये. त्याचा नवा ट्रॅक्टर स्वतःचा हप्ता स्वतः फेडेल. आमच्या उदाहरणात सुमारे ४२० तासांवर दोन्ही पारडी सारखी होतात. आपापल्या गावी हा आकडा थोडा पुढेमागे होईल.

म्हणून प्रश्न जुना की नवा हा नाहीच. वर्षाला तास किती, हा खरा प्रश्न आहे. आणि आम्ही जेव्हा विचारतो, "भाऊ, तास किती चालला?" तेव्हा शंभरातले नव्वद जण आभाळाकडे बघतात. मीटर केव्हाच बंद पडलेला असतो. मीटर बंद असेल तर वर्षाचे डिझेल किती भरले ते लिहा. हलक्या-भारी कामात सरासरी तासाला किती लागते ते एकदा टाकी भरून मोजा आणि भागाकार करा. तास निघतील.

तिसरे उत्तर

आता आणखी एक हिशेब. तो काहींना कडू लागेल. १२ एकर कोरडवाहू, त्यात कापूस, तूर, ज्वारी. बाहेर भाड्याने जाणे नाही. नांगरट, दोन वखरपाळ्या आणि पेरणी मिळून एकरी ५ तास धरले तर वर्षाचे ६० तास. गावात तासाला ८०० रुपये भाडे असेल तर सगळी कामे ४८ हजारात होतात, डिझेल आणि ड्रायव्हरसकट. जुना ट्रॅक्टर दारात नुसता उभा ठेवायला ५० हजार २०० लागतात. नवा असेल तर तासाला २ हजार १६७ रुपये, तेही डिझेल टाकण्याआधी. अशा घराला जुनाही परवडत नाही आणि नवाही परवडत नाही. भाड्याचा परवडतो.

लगेच कोणी म्हणेल, "भाड्याचा ट्रॅक्टर वापशावर येत नाही." खरे आहे, आणि कोरडवाहूत हाच खरा मुद्दा आहे. काळ्या जमिनीला पहिल्या दमदार पावसानंतर वापसा येतो, तो दोन-चार दिवसांचा. त्यात पेरले तर पेरले. पुढचा पाऊस लांबला तर ओल उडते, लवकर आला तर चिखल होतो. त्या चार दिवसांत सगळ्या गावाला एकाच वेळी ट्रॅक्टर लागतो. पण यावर उपाय प्रत्येकाच्या दारात एक ट्रॅक्टर हा नाही. चार-पाच घरांनी मिळून एकाशी आधी ठरवावे, थोडी उचल द्यावी, पाळी लावून घ्यावी. बैलजोडी असेल तर ती मोडू नये. कापसातली डवरणी आणि तिफणीची पेरणी बैल आजही करतात, आणि त्यांना डिझेल लागत नाही. त्यांचा चाराही ज्वारीच्या कडब्यातून निघतो.

हप्ता पावसाची वाट पाहत नाही

आतापर्यंतचा हिशेब सरासरीचा झाला. पण कोरडवाहू शेतकरी सरासरीवर जगत नाही. मधले वर्ष चुकले तर सरासरीला अर्थ उरत नाही.

समजा, जुना २ लाख २० हजाराला देऊन उरलेल्या ५ लाख ८० हजाराचे कर्ज काढले. ११ टक्के व्याज, पाच वार्षिक हप्ते. एक हप्ता सुमारे १ लाख ५७ हजार रुपयांचा बसतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये होता. त्या भावाने सगळा माल गेला असे धरले तरी एका हप्त्याला १९ क्विंटलांहून जास्त कापूस लागतो. एकरी ४ क्विंटल धरले तर जवळजवळ ५ एकरांचा सगळा कापूस. बियाणे, खत, फवारणी, वेचणी, काहीही वजा न करता.

आता मागे वळून पाहा. कोणी २०१४ साली पाच वर्षांचे कर्ज काढले असेल, तर त्याच्या वाट्याला काय आले? २०१४ ला मराठवाड्यात पाऊस कमी. २०१५ ला दुष्काळ. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस पोखरला. २०१८ ला पुन्हा दुष्काळ, सरकारने ऑक्टोबरात १५१ तालुके जाहीर केले. पाच हप्त्यांत चार वर्षे संकटाची. आणि पीक आले तरी भावाचा भरवसा नाही. १९ ऑगस्ट २०२५ ला सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले. म्हणजे आपला कापूस घरात यायच्या आणि बाजारात जायच्या नेमक्या दिवसांत. बँकेचा हप्ता पाच वर्षांसाठी पक्का असतो. कापसाचा भाव मात्र एका रात्रीत बदलता येतो.

जुन्या ट्रॅक्टरची दुरुस्ती लांबणीवर टाकता येते. वाईट वर्षात टायर आणखी एक हंगाम चालवता येतो, इंजिनाचे काम पुढच्या दिवाळीवर ढकलता येते. हप्ता ढकलता येत नाही. जिथे उत्पन्न अनिश्चित तिथे ढकलता येणारा खर्च बरा.

शहरातले शहाणपण उसने घेऊ नये

शहरातला व्यापारी दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलतो, म्हणून तेच शहाणपणाचे असे पुष्कळांना वाटते. त्याचा हिशेब वेगळा आहे. धंद्याच्या गाडीवर तो दरसाल १५ टक्के घसारा नफ्यातून वजा करतो आणि तेवढ्यावरचा आयकर वाचवतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून घसाऱ्याची वजावटही नाही. त्याच्या गाडीच्या झिजेतला काही वाटा सरकार उचलते. आपल्या ट्रॅक्टरची झीज सगळी आपल्याच अंगावर पडते.

दुसरी भीती घातली जाते ती पंधरा वर्षांची. "आता जुने ट्रॅक्टर भंगारात जाणार, वेळीच बदला," असे सांगणारे फिरतात. दिल्ली आणि भोवतालच्या भागात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, हे खरे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द झाली, हेही खरे. पण दिल्लीचा नियम आपल्या जिल्ह्याला लागू नाही, आणि आपला ट्रॅक्टर सरकारी नाही. नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. कागद वेळेवर करून घ्यावेत आणि निवांत राहावे.

तिसरी गोष्ट कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचे फलक चौकाचौकात लागले. ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग यांवरचा करही १८ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा फलक आम्हाला कुठे दिसला नाही. नवा स्वस्त झाला, तशी दुरुस्तीही स्वस्त झाली. दुकानदार जुन्या दराने बिल लावत असेल तर कराचा आकडा दाखवून विचारावे.

शिवाय ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. त्यासाठी अनेक कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची इंजिने आणली. धूर कमी झाला हे चांगलेच. पण असे मोठे मशीन घेण्याआधी विचारून घ्यावे, की बिघडले तर गावचा मिस्त्री ते उघडू शकतो का, की जिल्ह्याच्या ठिकाणाहून लॅपटॉपवाला येईपर्यंत वापसा निघून जाणार.

जुना केव्हा सोडावा

आम्ही जुन्याचे वकील नाही. तीन गोष्टी दिसल्या तर तो सोडावा. पहिली, सुटे भाग मिळेनासे झाले, पंधरा दिवस वाट पाहावी लागते. दुसरी, एका वेळच्या दुरुस्तीचा खर्च इतका, की तो करूनही किंमत तेवढी वाढणार नाही आणि त्यातून दोन-तीन वर्षेही निघणार नाहीत. तिसरी, ब्रेक आणि स्टिअरिंगचा भरवसा उरला नाही. तिसऱ्या बाबतीत हिशेब मांडायचाच नाही. ट्रॉलीवर आपली लेकरे आणि वेचणीच्या बाया बसतात.

एक मात्र लक्षात ठेवावे. "मागच्या वर्षी ५० हजार घातले, आता कसा विकू?" हे चूक. "याने आजवर लाखभर खाल्ले, आता एक दिवस ठेवणार नाही," हेही तितकेच चूक. गेलेला पैसा दोन्ही बाजूंनी सारखाच गेला. विचार पुढच्या वर्षाचा करायचा.

आणि जुना ठेवायचाच असेल तर नीट ठेवावा. उन्हाळी नांगरटीत आपल्या काळ्या मातीचा फुफाटा उडतो. एअर क्लीनरमधले तेल मातीने भरले की ती माती लायनर घासते. त्या दिवसांत ते रोज पाहावे. इंजिन ऑइल तासांवर बदलावे. निळा धूर दिसला तर ऑइल जळते आहे, काळा दिसला तर डिझेल वाया जाते आहे. मिस्त्री पेरणीच्या तोंडावर नव्हे, तर एप्रिलमध्ये गाठावा. तेव्हा त्याला वेळ असतो आणि आपल्यालाही घासाघीस करता येते.

हा हिशेब सरकारसमोरही मांडायचा आहे

शेवटचा मुद्दा आपल्या चळवळीचा. हा घसारा, हे व्याज, हे शेतमालाच्या उत्पादन खर्चाचेच भाग आहेत. १ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली. कृषिमूल्य आयोग खर्च तीन प्रकारे काढतो. हातचा खर्च आणि घरच्यांची मजुरी एवढ्याच खर्चाची दीडपट सरकारने धरली. २०२५-२६ साठी कापसाचा हा खर्च क्विंटलला ५१४० रुपये काढला आणि मध्यम धाग्याला ७७१० दिले. ज्वारीचा २४६६ काढला आणि संकरित ज्वारीला ३६९९ दिले. औजारांचा घसारा त्यात येतो. पण स्वतःच्या भांडवलावरचे व्याज आणि स्वतःच्या जमिनीचा खंड ज्या खर्चात येतो, तो सर्वंकष खर्च यातून गळला. म्हणजे ज्या शेतकऱ्याने दोन वर्षांचा कापूस विकून रोखीने ट्रॅक्टर घेतला, त्याच्या अडकलेल्या पैशाला सरकारच्या हमीभावात एक पैसाही व्याज नाही. आपण सर्वंकष खर्चावर भाव मागतो, तेव्हा भीक मागत नाही. आज मांडला तो हिशेब मागतो.

पण हिशेब मागणाऱ्याजवळ वही पाहिजे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याने पाच आकडे लिहून आणावेत: आज विकला तर किंमत, वर्षाचे तास, वर्षाचे डिझेल, वर्षाची दुरुस्ती आणि हंगामात बंद पडलेले दिवस. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही त्यांनी वर्षभर दिलेले भाडे लिहून आणावे. गावागावाचे आकडे एकत्र आले की आपल्या जिल्ह्यात किती तासांवर नवा परवडतो ते कळेल, आणि कोणत्या गावात दहाऐवजी सहा ट्रॅक्टर पुरतील तेही कळेल. त्याच वहीची एक प्रत कापसाचा खरा उत्पादन खर्च म्हणून सरकारपुढे ठेवू.

एवढे करेपर्यंत, पाडव्याला शोरूमवाल्याने किल्ली हातात दिली तरी सही करू नका. आधी तास मोजा.